रंध्याची हातोडी : एका हलक्या ठोक्याचा इतिहास

श्रीगणेश ही चौदा विद्या आणि चौसष्ट कलांची देवता, हे आपण दरवर्षी स्मरणिकेत वाचतो. त्या चौसष्ट कलांची वात्स्यायनाने जी यादी दिली आहे, तीत गीत, वाद्य, नृत्य यांच्या पंक्तीत 'तक्षण', म्हणजे सुतारकामही आहे. ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. यंदा कार्यकारिणीने लेख मागितला, तेव्हा या उपेक्षित कलेतल्या एका अगदी लहान हत्याराविषयी लिहावे असे मनात आले. त्याला कारणही तसेच घडले.

१ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आली आणि आपल्या मंडळाने मखर पुन्हा लाकडाचे करायचे ठरवले. कारखान्याच्या पॅटर्न शॉपमधून फार पूर्वी निकालात निघालेले सहा लाकडी रंधे मंडळाच्या कपाटात पडून होते. आपल्या तरुण मंडळींनी ते बाहेर काढले, पात्यांचा गंज काढला, धार लावली, आणि घोडे अडले ते पाते बसवताना. एकाने कपाटातलाच अर्ध्या किलोचा हातोडा उचलला. दुसऱ्याचे म्हणणे, बाजारातून पितळी हातोडी आणावी. तिसऱ्याने सरळ विचारले, की स्क्रूचा रंधा मिळत असताना हा ठोकाठोकीचा व्याप हवाच कशाला? माझी सारी नोकरी पॅटर्न शॉपमध्ये गेली, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर दोन वाक्यांत देता आले असते. पण ते उत्तर तसेच का, हे कळायला दोन हजार वर्षे मागे जावे लागते, आणि स्मरणिकेत त्याला जागा आहे.

शिवाय प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्या सहा रंध्यांपैकी दोन मागच्या बाजूने चिरफळले आहेत. कोणा अनोळखी हाताने जड हातोड्याने मारलेल्या ठोक्यांच्या खुणा त्यांवर स्पष्ट दिसतात. उरलेल्या चारांचे तेच झाले, तर तसे रंधे पुन्हा मिळायचे नाहीत. ते बनवणारे शॉप आता राहिले नाही आणि बनवणारे हातही राहिले नाहीत.

पाचर आणि पाते

रंध्याची रचना साधी आहे. लाकडाचा एक ठोकळा, त्याच्या तळाला एक फट, म्हणजे रंध्याचे तोंड. त्या तोंडातून साधारण पंचेचाळीस अंशांत तिरके बसवलेले पाते किंचित डोकावते. पाते जागेवर राहावे म्हणून वरून पाचर ठोकलेली असते. पाते किती बाहेर आले आहे यावर सगळे काम ठरते. जाड सालपट काढायचे तर अर्धा मिलिमीटर, शेवटचा गुळगुळीत हात फिरवायचा तर मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. एवढे बारीक अंतर ठोके मारून साधायचे, हे नवख्याला खरे वाटत नाही. पण मानवाने रंध्याच्या इतिहासातला बहुतेक काळ हे असेच साधले आहे.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत लोखंडी तळाचे रंधे सापडले. इंग्लंडमध्ये सिल्चेस्टर येथे आणि जर्मनीत झालबुर्गच्या रोमन छावणीतही रोमन रंधे मिळाले. इंग्लंडच्या यॉर्कशर भागात गुडमनहॅमजवळ २००० साली मिळालेल्या रोमन रंध्याचे अंग तर चक्क हस्तिदंताचे आहे. या सगळ्यांत पाते धरून ठेवणारी वस्तू एकच : आडव्या दांडीखाली सारलेली पाचर. पाचर आली की ती ठोकणारे आणि सोडवणारे हत्यारही आलेच. म्हणजे रंधा जितका जुना, तितकीच त्याची हातोडी जुनी.

पुढे दीड हजार वर्षे यात फारसा बदल झाला नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूररच्या १५१४ च्या 'मेलंकोलिया' या गाजलेल्या कोरीव चित्रात विचारात बुडालेल्या त्या पंखवाल्या स्त्रीच्या पायाशी करवत, खिळे आणि रंधा पडलेले दिसतात, आणि हातोडीही त्याच पसाऱ्यात आहे. 'मेरी रोझ' हे इंग्रजांचे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढले गेले. त्यातल्या सुतारांच्या सामानात रंधे होते, लाकडी मोगऱ्या होत्या. समुद्राच्या गाळाने ते इतके सांभाळले, की वापरणाऱ्याचा हात कुठे पडत होता ते आजही ओळखता येते.

ठोक्यामागचे शास्त्र

रंधा कसा लावायचा हे छापील स्वरूपात सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत लंडनचा जोसेफ मॉक्सन येतो. हा मनुष्य छपाई करी, पृथ्वीगोल बनवी, आणि कारागिरांच्या विद्येवर दरमहा पुस्तिका काढी. सुतारकामावरच्या त्याच्या पुस्तिका १६७८ च्या सुमाराच्या. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला. पाते फार बाहेर आले असेल तर रंध्याच्या मागच्या भागावर हातोडीने ठोका द्यावा, म्हणजे पाते वर सरकते, आणि मग पाचर पुन्हा घट्ट करावी, असे तो सांगतो.

वाचताना हे उलटे वाटते. पात्याला हातही न लावता, रंध्याच्या पाठीवर मारून पाते मागे कसे जाईल? त्याचे उत्तर मॉक्सननंतर नऊ वर्षांनी, १६८७ मध्ये, न्यूटनच्या ग्रंथात आले. स्थिर वस्तू स्थिरच राहू पाहते, हे जडत्व. मागून ठोका बसला की लाकडी अंग झटक्याने पुढे जाते. जड लोखंडी पाते क्षणभर आहे तिथेच राहते. अंगाच्या हिशेबाने पाहिले तर पाते मागे आणि वर सरकले. बस अचानक सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो, तसेच हे. सुताराला नियमाचे नाव ठाऊक नव्हते, पण नियम त्याच्या मनगटात होता.

थोडक्यात चार ठोके ध्यानात ठेवावेत. पात्याच्या वरच्या टोकावर ठोका दिला की पाते बाहेर येते. रंध्याच्या मागच्या टाचेवर दिला की पाते आत जाते. लांब रंध्यात हेच काम पुढच्या भागाच्या माथ्यावर वरून ठोका देऊन होते. इंग्रजी रंध्यांत त्यासाठी तिथे कठीण लाकडाचे बटण बसवलेले असे. पात्याचा एक कोपरा जास्त बाहेर असेल, तर त्याच बाजूने पात्याच्या वरच्या टोकाला कडेने हलके टोकावे, म्हणजे धार सरळ होते. आणि प्रत्येक वेळी शेवटी पाचरेवर एक ठोका, कारण प्रत्येक धक्क्याने पाचर थोडी सैल होत असते.

स्क्रू आला

आता तिसऱ्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या हॅझर्ड नोल्सने १८२७ मध्ये ओतीव लोखंडी रंध्याचे पेटंट घेतले. पण पाते हलवण्याची खरी क्रांती केली लेनर्ड बेलीने. १८६७ च्या त्याच्या पेटंटनंतर पात्यामागे एक लहान पितळी चाक आले. चाक बोटाने फिरवावे, पाते पुढे-मागे व्हावे. पाचरेच्या जागी खटक्याने दाबणारी लोखंडी टोपी आली. १८६९ मध्ये स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने बेलीचे हक्क विकत घेतले, आणि हा रंधा जगभर पोहोचला. १८८० च्या दशकात पाते डावी-उजवीकडे कलवणारी पट्टीही त्यात आली. लंडनच्या नॉरिसने १९१३ मध्ये एकाच दांड्यात दोन्ही हालचाली साधणारा स्क्रू आणला. शेफील्डचे 'रेकॉर्ड' रंधे १९३१ पासून निघू लागले. आपल्यातल्या जुन्या पॅटर्नमेकर मंडळींनी ते निळे रंधे हाताळले असतील.

या स्क्रूने मोठे काम केले यात शंका नाही. ठोक्याची जाण यायला वर्षे लागतात, चाक फिरवायला एक दिवस पुरतो. कारखान्यात नवी माणसे भराभर तयार करायची होती, आणि चाकाने ते सोपे केले. पण हातोडी संपली नाही. बेलीच्या चाकाला थोडा मोकळा फेर असतो. उलट फिरवले की काही अंतर ते नुसतेच फिरते. कडेची पट्टीही जराशी ढोबळ. त्यामुळे स्क्रूचे रंधे वापरणारे अनेक कसबी कारागीर शेवटची बारीक दुरुस्ती पात्याच्या कडेला लहान हातोडीने टोकूनच करतात. मात्र अशा रंध्यात पात्याच्या माथ्यावर सरळ ठोका कधीही देऊ नये. तो जाऊन आतल्या नाजूक खटक्यावर बसतो.

जपानी सुताराची वाट

जपानने तर स्क्रूची वाटच धरली नाही. तिथला रंधा, म्हणजे 'कान्ना', ढकलायचा नसून आपल्याकडे ओढायचा असतो. चौकोनी अंगाचा हा रंधा तिथे पंधराव्या-सोळाव्या शतकात रूढ झाला. त्याआधी भाल्यासारख्या पात्याने लाकूड तासत. कान्नाचे पाते स्वतःच पाचरेसारखे निमुळते आणि जाड असते, ओकच्या अंगात ते घट्ट रुतून बसते. ते पुढे घ्यायचे तर पात्याच्या माथ्यावर ठोका. मागे घ्यायचे तर अंगाच्या मागच्या कडेच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांवर आळीपाळीने ठोके. अगदी मधोमध मारायचे नाही, कारण तिथे मारले तर अंगाला चीर जाण्याची भीती.

ह्योगो प्रांतातले मिकी हे गाव आजही करवती, पटाश्या, रंधे आणि हातोड्यांसाठी ओळखले जाते. १५७८ ते १५८० या काळात हिदेयोशीने मिकीच्या किल्ल्याला वेढा घातला आणि गाव उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा उभारायला सुतार आणि लोहार जमले, आणि तिथेच ही परंपरा रुजली असे सांगतात. १९९७ पासून जपानात हाताने रंधा मारणाऱ्यांचे मेळावे भरतात. तिथे सालपटाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि दहा मायक्रॉनहून पातळ सालपट काढणारे कारागीर आहेत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे सारे स्क्रूशिवाय, ठोक्यावर. ठोक्याने बारीक काम होत नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

पश्चिमेतही वारे थोडे उलट फिरले. जेम्स क्रेनॉव्ह (१९२० ते २००९) हा सैबेरियात जन्मलेला, स्वीडनमध्ये शिकलेला आणि पुढे कॅलिफोर्नियात शिकवणारा फर्निचरकार. त्याने १९७० च्या दशकातल्या पुस्तकांतून आपल्या हाताने बनवलेल्या लाकडी, पाचरेच्या रंध्यांचा पुरस्कार केला. त्याच्या वाचकांनी आणि विद्यार्थ्यांनी पुन्हा लहान हातोडी हाती घेतली, आणि खास रंध्यासाठी घडवलेल्या पितळ-लाकडाच्या हातोड्या बाजारात दिसू लागल्या.

आपला रंधा

आपला 'रंधा' हा शब्द फारसी 'रंदा' वरून आला. हिंदीत तो रंदाच राहिला, बंगालीत त्याचा 'रँदा' झाला. इराणात आजही रंदा म्हणतात, आणि स्वयंपाकघरातल्या किसणीलाही तेच नाव आहे. आपण नोकरीनिमित्त जिथे जिथे गेलो, तिथे भाषा बदलली तरी सुताराच्या पेटीतला हा शब्द ओळखीचाच भेटला.

पॅटर्न शॉपमध्ये रंध्याला फार मान होता. भट्टीतले लोखंड साच्यात ओतायचे, तर आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते. थंड होताना ओतीव लोखंड साधारण एक टक्का आक्रसते आणि पोलाद सुमारे दोन टक्के. म्हणून पॅटर्नमेकरची फूटपट्टीच तेवढी लांब केलेली असते. लाकडात अर्धा मिलिमीटर चुकले, तर ती चूक टनभर पोलादात उतरते. आमचे एक वयोवृद्ध बंगाली मिस्त्री होते, त्यांना सगळे मिस्त्रीदा म्हणत. त्यांच्याकडे रेकॉर्डचा रंधा होता, पण शेवटचा हात ते स्वतः केलेल्या शिसवी रंध्यानेच फिरवत. त्यांची हातोडी मुठीत मावेल एवढी होती : पितळेचा तुकडा, एका तोंडाला बाभळीच्या लाकडाची टोपी. ठोका देताना ते पात्याकडे बघत नसत, आवाज ऐकत. पाचर सैल असेल तर ठोका बद्द वाजतो, बसली की आवाज खणखणीत होतो. त्यांचा रंधा पंचवीस वर्षे त्याच हातोडीखाली होता, आणि त्याच्या टाचेवर नुसती एक गुळगुळीत चकाकी आली होती. कपाटातल्या सहापैकी तो एक आहे. चिरफळलेल्या दोघांशेजारी ठेवून तो जरूर पाहावा. तिन्हींचे लाकूड तेच, वयही जवळजवळ तेच. फरक फक्त हातोडीचा.

मग हातोडी कोणती घ्यावी?

पहिली गोष्ट वजन. डोक्याचे वजन शंभर ते दोनशे ग्रॅम असावे. अर्ध्या किलोच्या हातोड्याने हलके मारतो म्हटले, तरी हाताचा सगळा जोर तो आवरण्यातच जातो आणि एखादा ठोका सुटतोच. फार हलकी हातोडीही उपयोगाची नाही. तिच्या ठोक्याने पाते हलत नाही, मग माणूस चिडून जोरात मारतो.

दुसरी गोष्ट तोंड. जुन्या पात्यांचा बहुतेक भाग मऊ लोखंडाचा असून फक्त धारेपुरते कठीण पोलाद जोडलेले असते. त्यांच्या माथ्यावर पोलादी हातोडी सतत मारली की माथा छत्रीसारखा पसरतो. पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून पात्यासाठी पितळी तोंड उत्तम. पण तेच पितळ लाकडावर खड्डे पाडते. म्हणून पाचरेसाठी आणि रंध्याच्या टाचेसाठी दुसरे तोंड लाकडाचे, चामड्याचे किंवा कडक रबराचे हवे. दोन्ही तोंडे किंचित फुगीर असावीत, म्हणजे हातोडी तिरकी पडली तरी कडेचा ओरखडा उठत नाही.

तिसरी गोष्ट आकार. पाते आणि मुठीमधल्या जागेत डोके सहज फिरले पाहिजे. दांडा आखूड, साधारण वीतभर पुरतो. ही मनगटाची हातोडी आहे, खांद्याची नाही.

अशी हातोडी तयार मिळाली नाही, तर फिटरच्या दुकानात मिळणारी सर्वांत लहान पितळी हातोडी घ्यावी आणि तिच्या एका तोंडावर जाड चामडे चिकटवावे. सुतारकामाची शंभर ग्रॅमची, एका बाजूला चपट्या चोचीची पोलादी हातोडीही चालेल. मात्र लाकडावर ठोका देताना मध्ये लाकडाचा तुकडा धरावा. मोठे ठोके देऊ नयेत. एका जोरकस ठोक्यापेक्षा तीन हलके ठोके, आणि प्रत्येक ठोक्यानंतर रद्दी लाकडावर एक सालपट काढून बघावे.

पाचरेबद्दल एक सूचना. उत्सव झाल्यावर रंधे कपाटात जातील, तेव्हा पाचर जराशी सैल करून ठेवावी. पावसाळ्यात फुगलेले लाकूड हिवाळ्यात आक्रसते आणि घट्ट ठोकलेली पाचर रंध्याच्या गालफडांना चीर पाडते.

आणि चिरफळलेल्या दोन रंध्यांबद्दल. ते टाकून देऊ नयेत. चिरेत सरस भरून शिकंज्यात आवळावे आणि टाचेत शिसवी लाकडाचे एक बटण बसवून घ्यावे, म्हणजे पुढचे ठोके त्या बटणावर पडतील. गोंद पक्का धरला, तर त्यांतला एखादा तरी पुन्हा कामाला येईल.

महाराष्ट्रात आपण हत्यारांची पूजा खंडेनवमीला करतो. इकडे कारखान्यात ती विश्वकर्मा पूजेला, बहुधा १७ सप्टेंबरला होते. आपल्याला दोन्ही पूजा कराव्या लागतात आणि त्यात आनंदच आहे. यंदा त्या पाटावर रंध्यांशेजारी ती लहान हातोडीही ठेवावी. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण मखराच्या फळीवर हात फिरवून कोणी 'काय गुळगुळीत आहे' असे म्हणाले, तर त्यातला अर्धा वाटा तिचा असेल.

गणपती बाप्पा मोरया!